गुंज : सोन्याचे माप, विषाचे बीज



शोभेसाठी लावलेल्या ड्युरांट्याच्या झुडपावर सोनेरी फळांचे घोस लटकलेले दिसले, की मला गुंजेचा वेल आठवतो. ड्युरांट्याचे फळ जितके मोहक तितकेच विषारी. गुंजेचे लालचुटूक, काळ्या ठिपक्याचे बीही तसेच. परंतु गुंजेचे विष आमच्या गावाला ठाऊक होते.

बीदर जिल्ह्यातील भालकीच्या बाजारात आमच्या शेजारी एका सोनारकाकांची पेढी होती. मराठी गिऱ्हाइकाला ते 'गुंज' म्हणत, कानडी गिऱ्हाइकाला 'गुलगंजी'. तराजू मात्र एकच. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. ११.६६ ग्रॅमच्या तोळ्यात ९६ गुंजा, म्हणजे एक गुंज सुमारे ०.१२ ग्रॅम. निसर्गात सर्व बिया सारख्या भरत नाहीत. सारख्या निवडून ठेवणे हे सोनाराचे कसब.

सात वर्षांचा असताना मी त्यांतील एक तोंडात टाकली. काकांनी हातचा तराजू सोडला, माझ्या तोंडात बोट घालून ती काढली आणि विचारले, "चावलीस का रे?"

या प्रश्नाचे मर्म मला फार पुढे उमगले. गुंजेचे कवच कठीण असते. ते फुटले, की आतील ॲब्रिन शरीरात भिनते आणि पेशींतील प्रथिनांची घडण थांबवते. अखंड बी गिळले तरी धोका नाहीच असे मात्र म्हणता येत नाही. आयुर्वेदाने गुंजेला उपविषांत गणले होते. एकोणिसाव्या शतकात चामड्याच्या लोभाने गुरे मारण्यासाठी तिच्या पिठाच्या सुया करीत. जर्मनीत पॉल एर्लिक यांनी १८९१ मध्ये हेच विष उंदरांना अल्प मात्रेत देऊन प्रतिकारशक्तीचा अभ्यास केला. ज्या विषाने गुरे मेली, त्यानेच रोगप्रतिकाराच्या शास्त्राला वाट दाखवली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य विभागले गेले. बीदर आणि गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, म्हैसूर राज्यात गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दशमान वजनांचा कायदा झाला. सीमा बदलली, मापही बदलले. 'गुंजभर' हा शब्द भाषेत उरला. पेढीवरची गुंज गेली, आणि तिच्यासोबत 'चावलीस का?' असे विचारणारे माणूसही गेले.

इतिहास केवळ राजांच्या सनदांत नसतो; तो अशा एका प्रश्नातही असतो. आपल्या कुंडीतील देखण्या झाडाचे नाव आणि त्याचा गुणदोष मुलांना सांगणे, हेही इतिहास जपणेच होय.