बांधावरचा माणूस

धरणाचा इतिहास म्हणून आपल्यापुढे जे येते त्यात धरणाची उंची असते, खर्च असतो, कोनशिला बसवणाऱ्या मंत्र्याचे नाव असते. पावसाळ्याच्या रात्री कंदील घेऊन बांधावर कोण फिरत होते, याची नोंद नसते. मातीच्या धरणाच्या बाबतीत ही वगळणूक साधी नव्हे. कारण ते धरण टिकते त्या फिरणाऱ्याच्या डोळ्यांवर.

मातीचा बांध म्हणजे मधोमध काळ्या चिकणमातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरमाचा भराव, पाण्याच्या बाजूला दगडांचे पिचिंग आणि जादा पाणी काढून द्यायला टोकाशी सांडवा. हा बांध बहुधा दोन वाटांनी मरतो. सांडवा अपुरा पडला किंवा झाडोऱ्याने तुंबला की पाणी माथ्यावरून वाहते आणि माती खरवडून नेते. दुसरी वाट आतली. मातीचा प्रत्येक बांध थोडाफार पाझरतोच. पाझर स्वच्छ आणि बेताचा असेल तर फारशी भीती नाही. तो गढूळ झाला की समजावे, पाणी पोटातली माती घेऊन बाहेर पडते आहे. मग भोक रुंदावते, माथा खचतो, आणि हातात काही तासच उरतात. हा गढूळपणा बांधाच्या पायथ्याशी उभे राहिले तरच दिसतो. तालुक्याच्या कचेरीतून तो दिसत नाही.

दक्षिणेत हे पाहण्याचे काम जातीने वाटून दिलेले होते. तमिळ मुलखातला नीरकट्टी आणि कर्नाटकातला नीरगंटी पुष्कळ गावी दलित जातीतला असे. तलावाची मोरी त्याने उघडायची, शेतोशेती पाणी वाटायचे, पावसात बांधावर गस्त घालायची, भगदाड दिसले की गाव उठवायचे. मोबदला खळ्यावरच्या धान्याचा. कोणत्या पाझराला भ्यावे हे त्याला कळे. पण तलावाची दुरुस्ती कधी काढायची, पाण्यावर कोणाचा हक्क, हे ठरवणारे दुसरेच. पारंपरिक जलव्यवस्थेचे गोडवे गाणारे विद्वान आज त्याला मोठ्या कौतुकाने शहाणा जलव्यवस्थापक म्हणतात. त्याला हे काम सोडून देण्याची मुभा होती का, हे मात्र ते विचारत नाहीत. आपल्याकडचा येसकर महारही गावाच्या रक्षणालाच वेशीवर बसवलेला होता, आणि गावाच्या पाणवठ्याला हात लावायची त्याला बंदी होती!

गुजरातेत पाटणच्या सहस्रलिंग तलावाची दंतकथा आहे. सिद्धराज जयसिंहाच्या काळी तलावात पाणी टिकेना, म्हणून माया नावाच्या वणकराचा बळी दिला गेला. मरताना त्याने मागितले ते एवढेच, की आपल्या लोकांच्या गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडू काढावा. इतिहास म्हणून मी ती मांडत नाही. पण तळ्यासाठी कोणाचा देह खर्ची घालायचा, हे त्या समाजाने आधीच ठरवले होते, एवढे तिच्यातून दिसते.

स्वातंत्र्यानंतर बांध अभियंत्यांच्या ताब्यात गेले. वतनाची वेठ संपली, हे चांगलेच झाले. पण बांधावर चालणाऱ्याचा शब्द वरपर्यंत जाईल अशी सोय कोणी केली नाही.

आंबी नदीवरचे पानशेत धरण छोटे नव्हते, पण मातीचेच होते. काम पुरे होण्याआधीच त्यात पाणी साठवण्याची घाई झाली. पाणी सोडण्याच्या मोरीच्या बांधकामात सळ्या नव्हत्या. तिच्यावरचा भराव खचू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर पोती रचली आणि १२ जुलै १९६१ ला धरण फुटले ते दिवस उजाडल्यावर. मागोमाग खडकवासल्याचा बांध गेला, पुणे बुडाले. तरी त्या पोत्यांनी मिळवून दिलेल्या तासांमुळे असंख्य माणसे वाचली.

चिपळूण तालुक्यातल्या तिवऱ्याला असे तास मिळाले नाहीत. गळतीची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती. थोडी डागडुजीही झाली होती. २ जुलै २०१९ च्या रात्री बांध फुटला आणि खालच्या भेंदवाडीतली विसाहून अधिक माणसे वाहून गेली. तत्कालीन जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी दोष खेकड्यांवर ठेवला. खेकडा बीळ करतो हे खोटे नाही. कोकणातल्या पोरासोरांनाही ते ठाऊक आहे. घूस पोखरते, झाडाचे मूळ कुजले की पोकळी राहते. म्हणून तर बांधावर माणूस ठेवायचा असतो! मृतांची जात मोजायला मी बसलो नाही. धरणाखाली राहणाऱ्याच्या तक्रारीला वजन किती, हा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या वस्त्यांना फार आधीपासून माहीत आहे.

महाडला १९२७ साली आपण तळ्याचे पाणी पिण्याचा हक्क बजावला. साठवलेल्या पाण्याखाली न मरण्याच्या हक्काची चर्चा आपल्या चळवळीत त्या मानाने थोडी झाली. वास्तविक १९४३ साली दामोदर नदीने बांध फोडून बंगालमध्ये हाहाकार केला, तेव्हा मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनीच पूरनियंत्रणाच्या योजनेत पुढाकार घेतला. जानेवारी १९४५ च्या कलकत्त्यातील परिषदेचे अध्यक्ष तेच होते. त्यांची जयंती करणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी हे काम वाचले आहे?

माझ्या गावचा पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळातला. त्याची माती घमेल्याने वाहणाऱ्यांत आमच्या वस्तीतल्या बाया पुष्कळ होत्या. त्याच्या बांधावर आता बाभळी माजल्या आहेत, सांडव्याच्या तोंडाशी अतिक्रमण आहे, आणि ओढ्याच्या उतारावर आमचीच घरे आहेत. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना आणि १० ते १५ मीटरपैकी काही अटींत बसणाऱ्यांना लागू होतो. आमचा बांध १० मीटरही भरत नाही. गेल्या पावसाळ्यात पायथ्याशी पाझर गढूळ दिसला, तो शेळ्या चारणाऱ्या एका म्हातारीला. तिने सांगितले, आम्ही अर्ज लिहिला, आणि एका कार्यालयाने तो दुसऱ्याकडे पाठवला. म्हातारी अजून रोज पायथ्याशी जाऊन पाणी ओंजळीत घेऊन बघते. त्याची मजुरी तिला कोणी देत नाही.