अळंबी आणि आठ वर्षांचे युद्ध

सन १७४० च्या ऑक्टोबरात व्हिएन्नाचा सम्राट सहावा चार्ल्स अळंबी खाऊन आजारी पडला आणि २० तारखेला वारला. मुलगा नव्हता, वारसा आला थोरल्या कन्येकडे, मारिया थेरेसाकडे. बाईमाणूस पाहून शेजाऱ्यांना हाव सुटली. डिसेंबरातच प्रशियाचा राजा फ्रेडरिक तिच्या सायलेशिया प्रांतात सैन्य घेऊन घुसला. ते युद्ध १७४८ पर्यंत चाललं!

सम्राटाने खाल्ली ती 'डेथ कॅप', म्हणजे मृत्यूची टोपी, असावी असा अनेकांचा तर्क आहे. युरोपात ओक वृक्षाखाली उगवणारी ही अळंबी चवीला वाईट नाही म्हणे. खाल्ल्यावर सहा-बारा तास काहीच होत नाही. मग ओकाऱ्या, जुलाब. पुढे एखादा दिवस बरं वाटतं, घरचे निर्धास्त होतात. पण आत यकृत नासत असतं.

अशी मरणं वारंवार घडतात का? नाही. अमेरिकेत १९९९ ते २०१६ या काळात विषबाधा केंद्रांकडे अळंबीच्या वर्षाला सरासरी ७,४०० तक्रारी आल्या, मृत्यू मात्र वर्षाला तीनच्या आसपास. बहुतेकांना किरकोळ त्रास झाला, किंवा तोही नाही. गुरुजींनी हे दोन्ही आकडे मुलांना सांगावेत. नुसती भीती घालून मुलं ऐकत नाहीत.

चांदी काळी पडली तर अळंबी विषारी, ही पारख खोटी आहे. शिजवून हे विष जात नाही. शंका आली तर बरं वाटलं तरी दवाखाना गाठावा, आणि उरलेली अळंबी बरोबर न्यावी.