न्यायालयीन लिलावातील अनामत भरणा व बोलीचे वाद (भंडारा जिल्हा)

दिवाणी न्यायालयाने पैशाच्या वसुलीचा हुकूमनामा दिल्यानंतरही ऋणकोने रक्कम फेडली नाही, तर हुकूमनामाधारक अंमलबजावणीसाठी दरखास्त दाखल करतो, न्यायालय ऋणकोची स्थावर मालमत्ता जप्त करून तिचा जाहीर लिलाव करविते आणि आलेल्या रकमेतून देणे भागविते. या लिलावाचे नियम दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधील आदेश 21, नियम 64 ते 96 यांत आहेत. लिलावातून उद्भवणारे बहुतेक वाद दोन प्रकारचे असतात : खरेदीदाराने पैसे वेळेत भरले नाहीत हा एक, आणि बोली किंवा विक्रीची रीत सदोष होती हा दुसरा. व्यवहारात या दोहोंची सरमिसळ होते. परंतु पहिल्यात विक्री अस्तित्वात आली की नाही असा प्रश्न असतो आणि दुसऱ्यात झालेली विक्री टिकते की नाही असा, त्यामुळे कायद्याने त्यांची वाट मुळातच वेगळी ठेवली आहे.

भंडारा जिल्ह्यातील दरखास्ती जिल्ह्याच्या व तालुक्यांच्या दिवाणी न्यायालयांत चालतात आणि त्यांवरील प्रकरणे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत जातात. लिलावापूर्वी विक्रीचा जाहीरनामा काढून त्यात मालमत्तेचे वर्णन, तिच्यावरील बोजा व वसूल करावयाची रक्कम नमूद करावी लागते, तो मालमत्तेच्या ठिकाणी दवंडीने किंवा अन्य रूढ रीतीने जाहीर करावा लागतो आणि ऋणकोची लेखी संमती नसल्यास न्यायालयात जाहीरनामा लावल्यापासून किमान 15 दिवस उलटल्याशिवाय स्थावराचा लिलाव करता येत नाही.

सर्वोच्च बोली स्वीकारली जाऊन ज्याला खरेदीदार म्हणून घोषित केले जाते, त्याने नियम 84 प्रमाणे बोलीच्या रकमेच्या 25 टक्के अनामत तिथल्या तिथे, म्हणजे लिलाव घेणाऱ्या अधिकाऱ्याकडे लगेच भरावयाची असते. ती न भरल्यास मालमत्ता ताबडतोब पुन्हा लिलावास काढली जाते. उरलेली रक्कम नियम 85 प्रमाणे विक्रीपासून पंधराव्या दिवशी न्यायालय बंद होण्यापूर्वी जमा व्हावी लागते. स्वतः हुकूमनामाधारकाने न्यायालयाच्या परवानगीने खरेदी केली असेल, तर त्याला आपले येणे किमतीत वळते करून घेता येते. इतर खरेदीदारांना ही सवलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मणिलाल मोहनलाल शहा विरुद्ध सरदार सय्यद अहमद सय्यद महमद या प्रकरणात 1954 मध्ये असा निर्णय दिला की हे दोन्ही नियम बंधनकारक असून मुदतीत भरणा झाला नाही तर विक्रीच झाली नाही असे समजावे, आणि ही मुदत वाढविण्याचा अधिकार न्यायालयाला नाही. बलराम विरुद्ध इलम सिंग (1996) या निर्णयात हीच भूमिका कायम राहिली. यातून निघणारा परिणाम ऋणकोच्या फार उपयोगाचा आहे : जी विक्री झालीच नाही ती रद्द करण्यासाठी नुकसान सिद्ध करण्याचीही गरज उरत नाही.

चुकारपणाचा भार नियम 86 व 71 ठरवितात. लिलावाचा खर्च वजा करून उरलेली अनामत न्यायालयाला योग्य वाटल्यास सरकारजमा होते, खरेदीदाराचा मालमत्तेवरील हक्क संपतो आणि नव्या जाहीरनाम्यानंतर फेरलिलाव होतो. फेरलिलावात किंमत कमी आली तर ती तूट पहिल्या खरेदीदाराकडून, हुकूमनामाधारकाच्या किंवा ऋणकोच्या मागणीवरून, पैशाच्या हुकूमनाम्याप्रमाणे वसूल करता येते. येथे कायद्याची रचना काहीशी विचित्र आहे, कारण ज्याची मालमत्ता अडकून पडली तो ऋणको आणि ज्याचे पैसे लांबले तो धनको या दोघांनाही जप्त झालेल्या अनामतीतून काही मिळत नाही.

बोलीविषयीच्या तक्रारी नियम 90 खाली येतात. जाहीरनामा नीट प्रसिद्ध न होणे, मालमत्तेचे वर्णन चुकणे, बोली लावणाऱ्यांना अडविणे किंवा संगनमताने किंमत पाडणे असे आक्षेप ऋणको, हुकूमनामाधारक किंवा ज्याच्या हितास बाधा पोहोचते असा अन्य इसम घेऊ शकतो. मात्र महत्त्वाची अनियमितता किंवा लबाडी आणि तिच्यामुळे झालेले भरीव नुकसान ही दोन्ही सिद्ध करावी लागतात. किंमत कमी आली एवढ्यावरून विक्री रद्द होत नाही. जो आक्षेप जाहीरनामा तयार होताना घेता आला असता, तो नंतर चालत नाही, आणि ही अट अनेक ऋणकोंना भोवते, कारण नोटीस मिळूनही ते लिलावाच्या दिवसापर्यंत हजर होत नाहीत. हुकूमनामाधारकाने परवानगीशिवाय, स्वतः किंवा दुसऱ्याच्या नावाने, बोली लावून मालमत्ता घेतली असेल तर नियम 72 खाली विक्री रद्द होऊ शकते. ऋणकोला भांडण न करताही मालमत्ता सोडवून घेण्याची वाट नियम 89 मध्ये आहे : जाहीरनाम्यातील येणे आणि खरेदीदारासाठी किमतीच्या 5 टक्के रक्कम भरल्यास विक्री रद्द होते. या भरण्याची मुदत 30 दिवस की 60 दिवस यावर दीर्घकाळ मतभेद होता. 1976 मध्ये मुदत कायद्यात 60 दिवस आले, संहितेत मात्र 30 दिवसच राहिले, आणि हा गुंता दादी जगन्नाधम विरुद्ध जम्मुलु रामुलु (2001) या घटनापीठाच्या निर्णयाने व 2002 च्या दुरुस्तीने 60 दिवसांवर सुटला.

भंडाऱ्यात या नियमांना जुनी पार्श्वभूमी आहे. भंडारा ज्यात मोडत असे त्या मध्य प्रांतात मालगुजारांना, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्यांना, गावांवर मालकी हक्क मिळाल्याने आण्यांत मोजलेले गावाचे हिस्से गहाण पडू लागले व हुकूमनाम्यांत विकले जाऊ लागले. अविभक्त हिस्सा विकताना सहहिस्सेदाराची बोली बाहेरच्याच्या बोलीइतकीच असली तर ती सहहिस्सेदाराची मानावी, हा नियम 88 अशा गावांत विशेष अर्थपूर्ण होता. जमिनीच्या विक्रीचे काम जिल्हाधिकाऱ्याकडे सोपविण्याची तरतूद 1956 मध्ये वगळण्यात आली. मालगुजारी त्यापूर्वीच, 1951 मध्ये, संपुष्टात आली होती. आज शेतजमिनीसाठी बोली लावणाऱ्याने विदर्भाचा 1958 चा कूळ कायदा पाहणे आवश्यक ठरते, कारण बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्यावर त्यात निर्बंध आहेत; आदिवासी खातेदाराच्या जमिनीच्या हस्तांतरास जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. शेतकऱ्याचे राहते घर व त्यालगतची जागा संहितेच्या कलम 60 खाली सामान्यतः जप्तीपासून मुक्त असते.

सहकारी संस्था व बँकांचे लिलाव न्यायालयाच्या लिलावासारखे दिसत असले तरी त्यांचे आकडे निराळे आहेत. महाराष्ट्र सहकारी संस्था नियम, 1961 च्या नियम 107 प्रमाणे विक्री अधिकाऱ्याकडे 15 टक्के अनामत भरावी लागते. बँकांच्या वसुलीसाठीच्या सरफेसी कायद्याखालील नियमांत 25 टक्के त्याच दिवशी किंवा फार तर पुढील कामकाजाच्या दिवशी भरावयाचे असून, बाकी रकमेसाठी 15 दिवसांची मुदत लेखी संमतीने तीन महिन्यांपर्यंत वाढविता येते, जी मोकळीक न्यायालयीन लिलावात नाही. शेतजमीन मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे.

आक्षेप नसल्यास किंवा फेटाळले गेल्यास न्यायालय विक्री कायम करते व नियम 94 खाली विक्री प्रमाणपत्र देते; मात्र कलम 65 नुसार मालमत्ता खरेदीदाराकडे आली असे प्रमाणपत्राच्या तारखेपासून न मानता प्रत्यक्ष लिलावाच्या दिवसापासून मानले जाते.