फोर्स्कोलिन

कोलियस फोर्स्कोहली या वनस्पतीच्या मुळांतून मिळणारे डायटर्पीन वर्गातील संयुग. रेणूत कार्बनचे 22, हायड्रोजनचे 34 आणि ऑक्सिजनचे 7 अणू. मुंबईतील मुलुंडच्या हेक्स्ट संशोधन केंद्रात त्याचा शोध लागला. सुजाता भट, नोएल डिसूझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 मध्ये त्याची संरचना प्रसिद्ध केली.

वनस्पती तुळशीच्या कुळातली. फुले जांभळी-निळी, मुळे गाजरासारखी जाड आणि सुवासिक. गुजराती घरांत या मुळांना गरमर म्हणतात आणि त्यांचे लोणचे घालतात. जातिनाम अठराव्या शतकातील निसर्गअभ्यासक पेटर फोर्स्कोल यांच्यावरून पडले.

मुलुंडला भारतीय वनस्पतींचे अर्क एकामागून एक प्राण्यांवर तपासले जात होते. या मुळांच्या अर्काने रक्तदाब उतरला, शिवाय हृदयाचे आकुंचन अधिक जोमदार झाले. हा दुहेरी गुण ज्या घटकाचा, तो वेगळा काढण्यात आला. त्याच सुमारास लखनऊच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने याच मुळांतून कोलिओनॉल मिळवले. पुढे दोन्ही संयुगे एकच ठरली. मुलुंडच्या गटाने कोलियसच्या इतर जातीही तपासल्या, पण त्यांत फोर्स्कोलिन सापडले नाही. डोंबिवलीच्या गॅलऱ्यांत कुंडीत वाढणारा पानओवा याच प्रजातीतला. त्याच्याही पदरी ते नाही. झाडांचे नाते जवळचे म्हणून औषधी गुणही तोच, असे गृहीत धरणे किती चुकीचे, हे यावरून कळते.

फोर्स्कोलिनचे खरे महत्त्व 1981 मध्ये उघड झाले. पेशीबाहेरून संप्रेरकाचा निरोप आला की पेशीपटलातील ॲडेनिलिल सायक्लेज हे विकर एटीपीपासून चक्रीय एएमपी बनवते. फोर्स्कोलिन निरोप स्वीकारणाऱ्या ग्राहीची वाट न पाहता थेट त्या विकरालाच चालना देते, असे अमेरिकेत सीमन, पॅजेट आणि डॅली यांनी दाखवले. तेव्हापासून पेशीतील निरोपवहन अभ्यासणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांत ते हाताशी असते. माझ्या मते मुलुंडच्या कामाची मोठी कमाई हीच.

औषध म्हणून वाटचाल मात्र अडखळत झाली, कारण ते पाण्यात फारसे विरघळत नाही. विरघळणारे साधित रूप, कोल्फोर्सिन डारोपेट, जपानमध्ये 1999 मध्ये हृदयविकारासाठी मंजूर झाले. काचबिंदूत डोळ्यातील दाब कमी करण्यासाठीही प्रयोग झाले. वजन घटवण्याच्या गोळ्यांत ते सर्रास विकले जाते, पण त्यामागचा पुरावा तोकडा आहे. रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

मागणी वाढल्यावर रानातली झाडे मुळासकट उपटली गेली. आता तमिळनाडू आणि कर्नाटकात शेंड्याचे फाटे लावून लागवड होते. रसायनशास्त्रज्ञ कोरी यांच्या गटाने 1988 मध्ये प्रयोगशाळेत पूर्ण संश्लेषण केले, तरी बाजारातले फोर्स्कोलिन प्रामुख्याने मुळांतूनच येते.