उंचावलेली जीप

पोशेऱ्याच्या चढावर पाटे चढवून उंच केलेली जीप येते, असे समजा. खड्ड्यात चाक उसळले की स्टिअरिंग हातात थडथडते. मालक म्हणतो, ‘भारीतला डॅम्पर बसवू.’ त्याने भागेल का?

मी इतिहासाचा माणूस, गॅरेजचा नव्हे. पण उत्तर इतिहासातच सापडते. १९४० मध्ये अमेरिकन सैन्याने ही गाडी मागवली, तीच मुळी बुटकी. शत्रूला दिसू नये म्हणून. स्वातंत्र्यानंतर लवकरच महिंद्र कंपनीने मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली. तिचा पुढचा आख बैलगाडीसारखा एकसंध. एका चाकाचा हिसका दुसऱ्याला बसणारच! गाडी उंचावली की स्टिअरिंगचा दांडा तिरपा होतो. त्यातच चाक ज्या किंगपिनवर वळते तिचा मागचा कल कमी झाला, तर वळणानंतर चाके आपणहून सरळ होत नाहीत.

डॅम्पर म्हणजे तेल भरलेली नळी. ती हिसका जिरवते, कल सुधारत नाही. झिजलेले सांधे मात्र झाकते, आणि घाटात मला त्याचेच भय वाटते. तेव्हा आधी जॅक लावून चाक हलवून पाहा, ढिले सांधे बदला, कल तपासून घ्या. डॅम्परचे पैसे त्यानंतर.