घरगुती कोविड चाचणीची विश्वासार्हता

कोविड-१९ ची लागण झाली आहे का, हे नाकातील स्रावावरून व्यक्तीने स्वतः घरी तपासून पाहण्याची पद्धत म्हणजे घरगुती कोविड चाचणी. भारतात अशा पहिल्या किटला, म्हणजे पुण्याच्या मायलॅब डिस्कव्हरी सोल्यूशन्स या कंपनीच्या ‘कोविसेल्फ’ला, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने (आयसीएमआर) मे २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत मान्यता दिली. त्याची किंमत २५० रुपये होती.

तत्त्व व कृती : ही जलद प्रतिजन (अँटिजेन) चाचणी आहे. दोन्ही नाकपुड्यांत फिरवलेली काडी द्रावणात घोळवून त्याचे थेंब पट्टीवर टाकतात. स्रावात विषाणूचे प्रथिन पुरेसे असेल, तर ‘टी’ जवळ रेघ उमटते. ‘सी’ जवळची रेघ उमटली नाही, तर चाचणी बाद ठरते. निकाल सुमारे १५ मिनिटांत मिळतो. ठरलेल्या वेळेनंतर उमटलेली रेघ धरत नाहीत.

अचूकता : आरटी-पीसीआर चाचणीत विषाणूच्या जनुकीय अंशाच्या असंख्य प्रती केल्या जातात, म्हणून अत्यल्प विषाणूही सापडतो. प्रतिजन चाचणीत तशी वाढ होत नाही. कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२२ मध्ये जलद प्रतिजन चाचण्यांचा आढावा घेतला. त्यानुसार लक्षणे असलेल्या १०० बाधितांपैकी सुमारे ७३, तर लक्षणे नसलेल्या १०० बाधितांपैकी सुमारे ५५ जणांचीच लागण ओळखली जाते. लक्षणांच्या पहिल्या आठवड्यात हे प्रमाण ८१ च्या आसपास असते, दुसऱ्या आठवड्यात ५४ पर्यंत उतरते. निरोगी व्यक्तीला चुकून बाधित ठरवण्याचे प्रमाण मात्र शेकडा एकाहून कमी आढळले.

निकालाचा अर्थ साथीच्या जोरावरही ठरतो. समजा, चाचणी १०० पैकी ६० बाधित ओळखते आणि १०० निरोग्यांपैकी एकाला चुकून बाधित ठरवते. हजार लोकांत १० बाधित असतील, तर १६ जण पॉझिटिव्ह निघतील, पण खरे बाधित त्यांतले ६ च. हजारात ३०० बाधित असतील, तर १८७ पॉझिटिव्हांपैकी १८० खरे असतील. मात्र १२० बाधितांच्या हाती निगेटिव्ह निकाल पडेल.

म्हणूनच आयसीएमआरने घरगुती चाचणी सरसकट करू नये, लक्षणे असलेल्यांनी व बाधितांच्या निकट संपर्कातील व्यक्तींनीच करावी, असे सांगितले. पॉझिटिव्ह निकाल पक्का मानायचा. लक्षणे असूनही निगेटिव्ह आल्यास लगेच आरटी-पीसीआर करायची आणि तोवर वेगळे राहायचे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२२ मध्ये निगेटिव्ह चाचणी ४८ तासांनी पुन्हा करण्याचा सल्ला दिला : लक्षणे असल्यास एकूण किमान दोनदा, नसल्यास तीनदा.

ग्रामीण भागातील प्रश्न : येलदरी हे परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील, पूर्णा नदीवरील धरणाचे गाव. अशा गावातील रुग्णाला खात्रीच्या तपासणीसाठी तालुक्याची किंवा जिल्ह्याची वाट धरावी लागते. प्रवास, बुडालेली मजुरी आणि अहवालाची प्रतीक्षा त्यात आली. तिथे घरातली चाचणी मोलाची ठरते. पण किट साधारणतः २ ते ३० अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे असते आणि मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात राहिलेल्या किटच्या निकालावर विसंबता येत नाही.

नोंद : कोविसेल्फचा निकाल मोबाइल अ‍ॅपवर भरायचा होता. तो न भरल्यास रुग्ण सरकारी आकड्यांत येत नसे. तिसऱ्या लाटेत, जानेवारी २०२२ मध्ये, मुंबई महापालिकेने किटच्या विक्रीची नोंद ठेवण्यास औषधविक्रेत्यांना सांगितले.

मूल्यमापन : घरगुती चाचणी लागण पकडण्यास उपयुक्त आहे, लागण नसल्याची हमी देण्यास नाही. ताप-खोकला असताना एका निगेटिव्ह निकालाच्या भरवशावर लग्नाला, बाजाराला किंवा घरातल्या वृद्धांजवळ जाऊ नये.