नांदूर मध्यमेश्वर : दुष्काळ, गाळ आणि पक्षी
(एका मानवनिर्मित भूदृश्याचा ऐतिहासिक अभ्यास)

प्रास्ताविक

भारताच्या प्रादेशिक विविधतेचा अभ्यास करताना डोंगर, नद्या, अरण्ये व वन्यजीव हे भूगोल आणि जीवशास्त्राकडे सोपवावयाचे, तर मंदिरे, लेणी व किल्ले इतिहासाकडे ठेवावयाचे, अशी एक सोयीची वाटणी आपल्या अभ्यासक्रमांत रूढ झाली आहे. नाशिक जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर त्र्यंबकेश्वर, पांडवलेणी व काळाराम मंदिर हा 'सांस्कृतिक वारसा' ठरतो आणि निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी अभयारण्य हा 'नैसर्गिक वारसा' ठरतो. पदवी वर्गाच्या विद्यार्थ्यांसह तेथे गेलो असता एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, हे तळे देवळाइतकेच जुने असेल ना?" प्रश्न साधा होता, परंतु ती वाटणी कोठे अपुरी पडते, हे त्याने नेमके दाखवून दिले. गावाचे नाव शिवाच्या मध्यमेश्वर या नावावरून आलेले व प्राचीन. तळे मात्र जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांचे. ज्याला आपण निसर्ग म्हणतो, तो येथे इतिहासाने घडविला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) नांदूर मध्यमेश्वर येथील पाणथळ प्रदेशाच्या निर्मितीची ऐतिहासिक कारणे शोधणे.
२) सिंचन, गाळ व पक्षिजीवन यांतील परस्परसंबंध स्पष्ट करणे.
३) या इतिहासाच्या आधारे आजच्या संवर्धनविषयक प्रश्नांची मांडणी करणे.

प्रस्तुत लेख मुख्यत्वे प्रकाशित दुय्यम साधनांवर आधारित असून त्यास प्रत्यक्ष क्षेत्रभेटींची जोड दिली आहे. विवेचनासाठी वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

भूप्रदेश व दुष्काळाची पार्श्वभूमी

गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावून पूर्वेकडे वाहते. जिल्ह्याच्या पश्चिमेकडील इगतपुरी परिसरात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सह्याद्रीची रांग ओलांडून पूर्वेकडे जावे तसा तो झपाट्याने घटतो आणि येवला-सिन्नरच्या बाजूस पाचशे मिलिमीटरच्या आसपास येऊन ठेपतो. एकाच जिल्ह्यात भाताचे खाचर आणि बाजरीचे कोरडवाहू शेत अशी दोन टोके नांदतात, ती यामुळे.

या पर्जन्यछायेच्या प्रदेशाला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दुष्काळांचे तडाखे बसले. परिणामी सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय सिंचन आयोग (१९०१-०३) नेमला गेला. दख्खनसारख्या प्रदेशात कालव्यांपासून महसुली नफा मिळाला नाही, तरी दुष्काळापासून संरक्षण म्हणून सिंचनाची कामे हाती घ्यावीत, हा विचार त्यातून पुढे आला. 'संरक्षक सिंचन' ही संज्ञा याच विचाराची निदर्शक होय.

गोदावरी खोऱ्यात या विचाराला मूर्त रूप मिळाले. त्यामागील कल्पना अशी होती की, जेथे पाऊस हमखास पडतो तेथे, म्हणजे घाटमाथ्यालगत, पाणी अडवावे आणि ते नदीच्याच पात्रातून कोरड्या पूर्वेकडे आणावे. त्यानुसार इगतपुरी तालुक्यात नांदगाव येथे दारणा नदीवर धरण उभारले गेले व ते १९१६ मध्ये पूर्ण झाले. दारणेतून सोडलेले पाणी गोदावरीत येते. ते कालव्यांत वळविण्यासाठी गोदावरी व कादवा यांच्या संगमावर, नांदूर मध्यमेश्वर येथे, दगडी बंधारा बांधण्यात आला. या बंधाऱ्याचे काम १९०७ मध्ये सुरू होऊन पुढील दशकाच्या पूर्वार्धात पूर्णत्वास गेले. येथून निघणाऱ्या डाव्या व उजव्या कालव्यांनी निफाड, येवला, सिन्नर आणि पुढे कोपरगाव-राहाता या भागांतील शेतीचे रूप पालटले. दुष्काळात ज्वारी-बाजरी जगविण्यासाठी आलेल्या पाण्यावर पुढे ऊस उभा राहिला, हा त्या इतिहासातील एक विरोधाभास होय.

गाळाचा इतिहास

दुसरा विरोधाभास बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला घडला. हा बंधारा मूलतः पाणी वळविण्यासाठी होता; मोठा साठा करणे हा त्याचा हेतू नव्हता. दोन नद्यांचा वेग येथे मंदावला आणि प्रत्येक पावसाळ्यात त्यांनी आणलेला गाळ पात्रात बसत गेला. पाण्याची खोली कमी झाली, मधूनमधून बेटे वर आली, काठाने लव्हाळे व पाणकणीस माजले. सिंचनाच्या दृष्टीने हा तोटाच होता, कारण साठवणक्षमता घटत होती. पण अभियंत्याच्या खतावणीत जे खर्ची पडले, ते पक्ष्यांच्या खात्यावर जमा झाले. खोल पाण्यात पाय टेकू न शकणाऱ्या बगळे, करकोचे, शराटी अशा पक्ष्यांना हे उथळ, चिखलाळ पाणी मानवले. आजूबाजूच्या बागायती शेतांनी त्यांना दाणा दिला, नदीने मासे दिले.

हिवाळ्यात येथे चक्रवाक, थापट्या, कांड्या करकोचा असे पाहुणे उतरतात. चित्रबलाक, मोर शराटी, जांभळी पाणकोंबडीही दिसतात. यांतील एका पक्ष्याचे मराठी नाव विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. काळ्या अंगाचा व कपाळावर पांढरा ठसा असलेला, थव्याने पाण्यावर चालणारा जो पक्षी, त्याला लोकांनी 'वारकरी' म्हटले. पक्ष्यांकडे पाहणारी लोकदृष्टी आपल्या संस्कृतीतूनच शब्द घेते, याचे हे बोलके उदाहरण होय. सातवाहन राजा हाल याच्या नावाशी निगडित 'गाथासप्तशती'तही गोदातीरीचे जीवन आणि निसर्ग एकत्रच येतात. निसर्ग आणि संस्कृती यांची फारकत ही आपल्या परंपरेची देणगी नव्हे.

अभयारण्य ते रामसर स्थळ

ज्येष्ठ पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांच्या नावाशी 'महाराष्ट्राचे भरतपूर' ही या स्थळाची ओळख जोडली जाते. १९८६ मध्ये सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले. पुढे २०१९ मध्ये यातील १,४३७ हेक्टर क्षेत्राची आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ प्रदेशांच्या यादीत नोंद झाली आणि जानेवारी २०२० मध्ये ही बाब जाहीर झाली. इराणमधील रामसर येथे १९७१ मध्ये झालेल्या करारानुसार ही यादी केली जाते. महाराष्ट्रातील हे पहिलेच रामसर स्थळ होय. लोणार व ठाणे खाडी यांचा समावेश त्यानंतर झाला. रामसरच्या नोंदीनुसार येथे ५३६ प्रजाती आढळल्या आहेत. त्यांत अतिसंकटग्रस्त गिधाडांबरोबर नाशिकजवळील देवळालीचे नाव धारण करणारी 'देवळाली मिनो' ही लहान मासोळीही आहे.

'भरतपूर' ही उपमा केवळ गौरवाची नाही, ती ऐतिहासिक दृष्ट्याही समर्पक आहे. राजस्थानातील केवलादेवचे पाणीही मानवनिर्मितच. अठराव्या शतकातील अजान बांधामुळे ते साचले. पुढे ते संस्थानिकांचे शिकारस्थान बनले. १९८० च्या दशकाच्या आरंभी राष्ट्रीय उद्यान झाल्यावर तेथील गुरेचराई बंद करण्यात आली. १९८२ मध्ये त्यावरून संघर्ष होऊन पोलिसांच्या गोळीबारात ग्रामस्थांचे बळी गेले. मात्र बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून असे दिसून आले की, म्हशींची चराई थांबल्यामुळे पाण्यातील गवत अतोनात वाढले व पाणपक्ष्यांना ते प्रतिकूल ठरले. ज्या भूदृश्याची घडण माणसाच्या वावरासह झाली, त्यातून माणसाला वजा केले की निसर्ग 'मूळ' रूपात परत येतोच असे नाही, हा केवलादेवचा धडा आहे.

आजचे प्रश्न

नांदूर मध्यमेश्वरच्या बाबतीत हा धडा तातडीचा आहे. एकीकडे गाळ काढून साठा वाढवावा, ही लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांची अपेक्षा स्वाभाविक आहे. दुसरीकडे हाच गाळ पक्ष्यांच्या निवाऱ्याचा पाया आहे. तळ्यातील पाण्याची पातळी आजही कालव्यांच्या आवर्तनांवर अवलंबून असते. त्यामुळे पक्ष्यांचे वेळापत्रक हे एका अर्थाने पाटबंधारे खात्याच्या वेळापत्रकाशी बांधलेले आहे. वरच्या बाजूस वाढते नाशिक शहर आहे. त्याच्या सांडपाण्याचा भार गोदावरी वाहून आणते आणि पाणवेली पात्र झाकून टाकतात. खालच्या बाजूस अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) व मराठवाडा यांचा पाण्यावरील हक्क आहे. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने खोऱ्यातील समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले आहे. परिसरातील उसात बिबट्याचा वावर असल्याने शेतकऱ्याच्या रात्रीच्या पाण्यालाही भीतीची किनार लागली आहे. या सर्व हितसंबंधांत पक्ष्यांची बाजू मांडणारा पक्षकार मात्र कोणीच नाही.

अशा वेळी 'हे ठिकाण नैसर्गिक आहे, म्हणून त्याला हात लावू नका' हा युक्तिवाद टिकणारा नाही, कारण तो ऐतिहासिक दृष्ट्या खरा नाही. त्याचप्रमाणे 'हा केवळ बंधारा आहे, म्हणून हवे ते करा' हेही म्हणता येणार नाही; कारण शतकभरात तेथे जी जीवसृष्टी रुजली ती बंधाऱ्याइतकीच वास्तव आहे.

निष्कर्ष

१) नांदूर मध्यमेश्वरचे पाणथळ भूदृश्य हे दुष्काळ, वसाहतकालीन सिंचन धोरण व गाळ यांच्या संयोगातून घडले, ते नियोजनाचे फलित नसून त्याचा अनपेक्षित परिणाम आहे.
२) येथील नैसर्गिक व सांस्कृतिक वारसा परस्परांपासून वेगळा करता येत नाही. शेतकरी, मच्छीमार व कालवा हे त्याचे घटक आहेत, अतिक्रमणे नव्हेत.
३) गाळ काढणे, आवर्तने व सांडपाणी यांविषयीचे निर्णय एकत्रित घेतले जाणे आवश्यक आहे, आज ते निरनिराळ्या खात्यांकडे विखुरलेले आहेत.

शेवटी एक सूचना करावीशी वाटते. बंधाऱ्याच्या काठावरील गावांतील वृद्धांना पूर्वीचे पात्र, बुडालेल्या जमिनी, पहिल्या कालव्याच्या वाडवडिलांकडून ऐकलेल्या कथा अद्याप आठवतात. परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास, भूगोल व प्राणिशास्त्र विभागांनी एकत्र येऊन या स्मृती वेळीच नोंदवून घ्याव्यात. पक्ष्यांची गणना दरवर्षी होते. माणसांच्या आठवणींची गणना मात्र अद्याप कोणी हाती घेतलेली दिसत नाही. त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर त्यानंतरच देता येईल.